येसूच्या शेजारचं पान

ऐका, उंबरठ्याच्या आई, तुमची कहाणी. बायांनो, हातात तांदळाचे दाणे घ्या, लेकरं जवळ ओढा, आणि मागच्या दारी कोणी अवघडून उभं असेल तर त्याला आत बोलवा.

आटपाट नगर, त्याला सात पेठा. सहा पेठांत पुरुषांची वर्दळ, सातवीत बायकांची, कारण सातवी पेठ कासारांची. तिथं लिंबाजी कासाराचं दुकान होतं. त्याचा हात मोठा हलका. बांगडी मनगटावर चढायची आणि बाईला कळायचंसुद्धा नाही. नुसता पंजा दाबून तो सांगायचा, ही माहेरी आली आहे, ही सासरी निघाली आहे, ही घरून भांडून आली आहे. बायका म्हणत, लिंबाजी, तू हात बघतोस की पत्रिका? पण दुकानातलं हे शहाणपण त्याला घरी काही नेता येईना.

त्याची बायको येसू. गुणाची होती, हसरी होती, दोन लेकी झाल्या आणि ती भरल्या हातांनी गेली. मागं राहिल्या अकरा वर्षांची सगुणा आणि पाच वर्षांची ठकी. लिंबाजीची आत्या आधीपासून घरातच होती, आता घर तिच्या अंगावर आलं. तिला सगळे आत्याबाई म्हणत. आत्याबाई रांधायची, पण पोरींची वेणी घालताना रोज एक नवी तक्रार सांगायची. मग लिंबाजीनं विचार केला, असं किती दिवस चालायचं?

तीन कोसांवर एक गाव होतं. तिथं धोंडू कासार म्हणून होता. त्याला दुकान नव्हतं. बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून तो गावोगाव फिरायचा. एका पावसाळ्यात ताप भरला आणि तो गेला. त्याची बायको भिवरा, त्याची लेक आवडी, नऊ वर्षांची. चार माणसं मध्ये पडली, जातीची रीत होती, मग लिंबाजीनं भिवराशी पाट लावला. स्वतःच्या हातानं तिला हिरव्या बांगड्या भरल्या.

धोंडूचा भाऊ सटवाजी पाटाला आला होता. जेवला, विडा घेतला आणि निघताना म्हणाला,

“लिंबाजीशेट, वहिनी तुमची झाली. पोर मात्र माझ्या भावाची. वर्षभर बघतो. पितरपाटाच्या अमावास्येला गाडी घेऊन येईन. पोर रमली तर आनंद आहे. नाही रमली तर घेऊन जाईन.”

भिवरानं आवडीला जवळ ओढलं. पण नव्या नवरीनं बोलायचं काय? मान खाली घातली, उंबरठा ओलांडला.

आता त्या घराची रीत ऐका. आत्याबाईनं सोनाराकडून येसूचा चांदीचा टाक घडवून आणला होता. दुसरी बायको येते ती पहिलीचा टाक गळ्यात घालते, रोज त्याला हळदकुंकू वाहते, नवं लुगडं नेसली तर आधी त्याला दाखवते. भिवरानं तो टाक घातला. रोज पुजला. मनापासून पुजला. मेलेलीचा मान राखण्यात तिनं काही कमी केलं नाही.

आणि तिचा धोंडू? त्याचं नाव त्या घरात निघेना. आत्याबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

“हे बघ भिवरा, मागचं मागं राहिलं. या घरात तुझ्या मागच्या घरचं नाव नको. एका घरात दोन तऱ्हा झाल्या की माणसं फुटतात.”

भिवरा म्हणाली, बरं. लिंबाजीनं ऐकलं, तोही म्हणाला, बरं. त्याला वाटलं, चला, घर एक झालं.

त्याच नगरात एक तेली होता. दोन घाण्यांचं तेल एका बुधल्यात ओतायचा आणि म्हणायचा, घ्या, एक झालं. गिऱ्हाईक बोट बुडवून हुंगायचं आणि म्हणायचं, यात करडई आहे, यात तीळ आहे, सांगून विकलं असतंस तर घेतलं असतं. लिंबाजी हे रोज पेठेत बघायचा आणि रोज हसायचा. आपल्या घरातही तेच चाललंय, हे त्याला दिसेना.

घरात मग काय होऊ लागलं? भिवरानं वरणात गूळ घातला नाही, सगुणा म्हणाली, आमची आई घालायची. भिवरानं गूळ घातला, आवडी म्हणाली, आई, आपण तर घालत नाही. भिवरानं अर्ध्यात घातला, अर्ध्यात नाही, तर ठकी दोन्ही वाट्या चाखून म्हणाली, मला भाकरी दे.

एकदा भिवरानं शेंगोळी करायला घेतली. कुळथाच्या पिठात लसूण-मिरची घालायची, पीठ घट्ट मळायचं, त्याच्या वाती वळून टोकं जुळवायची आणि फोडणीच्या पाण्यात शिजवायची. धोंडू फिरतीहून आला की हेच मागायचा. वास सुटला तशी आवडी चुलीपाशी येऊन बसली. तेवढ्यात आत्याबाई आली.

“हे काय? कुळीथ?”

“शेंगोळी करते, आत्याबाई. पोरीला आवडतात.”

“आमच्याकडे कुळीथ बैलाला घालतात बाई. फिरत्या कासारांच्या घरी खात असतील.”

भिवरानं पातेलं उतरवलं, गोठ्यात नेलं. बैल जेवला. आवडी बघत राहिली.

त्या दिवसापासून आवडी ताटातली अर्धी भाकरी खायची आणि अर्धी परकराच्या ओच्यात लपवायची. आज लपवली, उद्या लपवली, परवाही लपवली. चौथ्या दिवशी सगुणाला परसातल्या बांगड्यांच्या रिकाम्या पेटाऱ्यामागं भाकरीचे तुकडे सापडले.

ती आत्याबाईकडे गेली. “आत्याआजी, ती चोरते.”

आत्याबाईनं आवडीला बोलावलं. “कशाला गं? तुला पोटभर मिळत नाही इथं? शेजारणी काय म्हणतील?”

आवडीनं भिवराकडे बघितलं. भिवराला सगळं ठाऊक होतं. त्या भाकऱ्या कोणासाठी होत्या हे आईला कळायला वेळ लागतो होय? पण तोंडातून नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं. ती म्हणाली, “चुकली ती. परत नाही करायची.” चूक झाली ती इथं झाली. पोर चोर ठरली आणि आई गप्प राहिली.

मग भाद्रपद आला, पितरपाट लागला. नवमी उजाडली. भरल्या कपाळानं गेलेल्या बायकांची ही नवमी. आत्याबाईनं पहाटे उठून खीर केली, वडे केले, भोपळ्याची भाजी केली. भिवरानं सवाष्ण जेवायला सांगितली. येसूचं पान वाढलं, परसातल्या गडग्यावर नेऊन ठेवलं. आता कावळा शिवला म्हणजे येसू जेवली, मग घरचे जेवणार.

कावळा निंबावर बसला होता. पानाकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

आत्याबाईनं हात जोडले. “येसू, तुझं काही राहिलंय का गं? तुझ्या नावानं जरीचं लुगडं देते.” कावळा हलला नाही.

लिंबाजी पुढं झाला. “येसू, दोघी पोरींची लग्नं थाटात करीन.” कावळ्यानं चोच पुसली.

शेजारची कौसा गडग्यावरून बघत होती. ती म्हणाली, “दागिने नीट ठेवलेत ना विचारा. आमच्या सासूबाईंचा जीव नथीत अडकला होता.” आत्याबाईनं तेही सांगून बघितलं. कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर बसला.

सूर्य माथ्यावरून ढळला. सवाष्ण बिचारी भुकेनं कासावीस झाली. ठकी रडायला लागली. मग आत्याबाईनं दर्भाचा कावळा केला, पानाला लावला आणि म्हणाली, चला, बसा. सगळे जेवले, पण घास कोणाच्या गळ्याखाली सुखानं उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी दूध नासलं. तिसऱ्या दिवशी चूल पेटता पेटेना, घरभर धूर झाला. चौथ्या दिवशी आवडीनं आपली परकर-चोळी एका फडक्यात बांधली.

भिवरानं विचारलं, “कुठं निघालीस?”

“काका अमावास्येला येणार आहे ना? त्याच्याबरोबर जाते.”

“मला सोडून?”

“त्यांच्याकडे बाबांचं पान मांडतात,” आवडी म्हणाली. “काका नाव घेऊन हाक मारतो. इथं तू त्यांच्या आईला जेवायला घालतेस. माझे बाबा कुणाकडं जेवायचे?”

पोर रडत नव्हती, रुसली नव्हती. हिशोबानं बोलत होती आणि तिचं बोलणं खरं होतं. भिवरा उठली आणि परसात जाऊन बसली. अमावास्या तीन दिवसांवर आली होती.

इकडे लिंबाजी दुकानात माशा मारत बसला होता. पितरपाटात बांगड्या कोण भरतं? इतक्यात एक म्हातारी आली. लुगडं जुनं, पाय धुळीनं भरलेले, नजर मात्र लखलखीत. आली ती उंबरठ्यावरच बसली.

“बांगड्या भर रे बाबा.”

“आजी, पितरपाट चाललाय.”

“मला कोणी अडवत नाही. भर.”

लिंबाजीनं तिचा उजवा पंजा दाबला. माप कळलं. डझन काढला, भरला, झकास बसला. त्याच मापाचा दुसरा डझन डाव्या हाताला लावला. पहिली बांगडी कडकन फुटली. दुसरी फुटली. तिसरी फुटली. लिंबाजीला घाम सुटला. आजवर त्याच्या हातून असं झालं नव्हतं.

म्हातारी म्हणाली, “दुसऱ्या हाताला हात न लावता माप काढलंस होय रे?”

“आजी, साऱ्या जगाचे दोन्ही हात सारखे असतात.”

“माझा डावा एकदा मोडला होता. जुळला, पण जाड जुळला. म्हणून काय तो माझा नाही? दाबून तरी बघायचास.”

लिंबाजीनं डावा पंजा हातात घेतला, हलकेच दाबला. हाड जाडच होतं. त्यानं थोरल्या मापाच्या बांगड्या काढल्या. एकेक अलगद चढली. आणि बांगड्या चढवता चढवता त्याच्या डोळ्यांपुढं आवडी उभी राहिली. वर्ष झालं, त्यानं त्या पोरीला एकदाही काही विचारलं नव्हतं. सगुणाला जे, ठकीला जे, तेच तिला, आणि झालं, असं तो समजत होता.

मग तो म्हातारीला सगळं बोलला. कावळा सांगितला, दूध सांगितलं, धूर सांगितला, बांधलेलं गाठोडं सांगितलं.

म्हातारी म्हणाली, “मी उंबरठ्यावर बसणारी बाई. कोण घरात येतं, कोण जातं, ते मी बघते. तुझ्या घरात तीन माणसं आली आणि तुम्ही दोन मोजलीत. भिवरा आली, आवडी आली, त्यांच्यामागून धोंडू आला. त्याला बाहेर उभा ठेवलात. तुझी येसू माणसातली. दारात पाहुणा उपाशी असताना ती जेवेल कशी?”

लिंबाजी म्हणाला, “याला उपाय?”

“एक वसा आहे, जोडपानाचा. घेशील, मग कंटाळशील.”

“घेईन. कंटाळणार नाही.”

“पितरपाटाच्या अमावास्येला करावा. एक पान या घरच्या माणसाचं, एक त्या घरच्या माणसाचं, दोन्ही शेजारी मांडावीत. जे त्याला आवडे तेच वाढावं. ज्याचं माणूस त्यानं रांधू नये, फक्त सांगावं. रांधायचं दुसऱ्यानं. आणि घरधन्यानं दोघांना नाव घेऊन जेवायला बोलवावं. मनात बोलवलेलं चालत नाही.”

एवढं बोलून म्हातारी उठली. पैसे द्यायला कनवटीला हात घातला, तों लिंबाजी म्हणाला, राहू द्या. मान वर करतो तर उंबरठा रिकामा.

लिंबाजी घरी आला. सगळ्यांना बसवून वसा सांगितला. भिवराचे डोळे भरून आले. आत्याबाई मात्र तडकली.

“पितरांच्या पानावर कुळीथ? शास्त्रात बसत नाही.”

लिंबाजी म्हणाला, “आत्या, जेवायचंय त्याला. शास्त्राला नाही.”

“आणि परक्या पुरुषाचं पान तू मांडणार?”

“परका कसा? त्याची लेक माझ्या घरी पाणी भरते.”

आत्याबाईनं तोंड फिरवलं, पण कुळीथ दळायला जातं तिनंच पुसून दिलं.

मग अमावास्या उजाडली. भिवरानं हात बांधून घेतल्यासारखे पदरात धरले आणि ओट्यावर बसली. रांधायला दोघी पोरी. सगुणानं शेंगोळी करायची, आवडीनं सांगायचं. आवडीनं घारगे करायचे, सगुणानं सांगायचं. येसूला घारगे आवडत.

सगुणा पीठ मळायला बसली ती नाक मुरडून.

आवडी म्हणाली, “एवढं पाणी नको. चिखल होईल.”

“मला येतं.”

“मग वळ.”

सगुणानं वात वळली, ती तुटली. दुसरी वळली, ती सापासारखी झाली. तिसरी वळली आणि ठकी म्हणाली, “ताई, ही गांडूळ आहे.” आवडीला हसू आवरेना. सगुणा आधी चिडली, मग तीही हसली. आवडीनं हात पुढं केला आणि हात न लावता हवेतच दाखवलं, “अंगठ्यानं नाही, तळव्यानं. बाबा म्हणायचे, बांगडी वळतात तसं वळायचं.”

“तुझे बाबा शेंगोळी वळायचे?”

“आईला ताप आला की वळायचे. सगळी वाकडी. आम्ही वाकडी शोधून आधी खायचो.”

सगुणानं एक मुद्दाम वाकडं वळलं आणि पातेल्यात टाकलं.

मग आवडीनं भोपळा किसला, गूळ घातला, शिजवला, कणीक मळली. “आता सांग. वेलची घालू?”

सगुणाला काही केल्या आठवेना. आई जाऊन दोन वर्षं झाली, नवमीची दोन पानं झाली, पण आई घारगे कसे करायची हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिचा चेहरा पडला.

आवडी म्हणाली, “हाताचं नसेल आठवत. खातानाचं सांग. कशाबरोबर खायची?”

आणि सगुणाला आठवलं. “लसणाच्या चटणीबरोबर. आत्याआजी ओरडायची, गोडावर लसूण काय खातेस. आई म्हणायची, तुम्ही तिकडं बघा.” बोलता बोलता ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “कोणी बघत नसलं की मला पण भरवायची. आत्याबाईंना सांगू नकोस म्हणायची.”

दारात आत्याबाई उभी होती. म्हणाली, “मला माहीत होतं गं. कोपऱ्यातून लसणाचा वास यायचा. मीच बोलले नाही.” मग तिनं पाटा मांडला आणि वाटायला लसूण आवडीपुढं ठेवली.

दुपार झाली. गडग्यावर दोन पानं लावली. एकावर घारगे आणि चटणी, दुसऱ्यावर शेंगोळी, त्यात एक वाकडं. तेवढ्यात रस्त्यावर घुंगरं वाजली. सटवाजी गाडी घेऊन आला होता. आत आला, परसात सगळं घर उभं दिसलं, म्हणून तोही मागं थांबला. आवडीचं गाठोडं दारापाशी तयार होतं.

लिंबाजी पुढं झाला. पाणी फिरवलं. म्हणाला, “येसू, जेवायला ये.” मग दुसऱ्या पानाकडे वळला. दोन पुरुषांत असं काही बोलायची सवय कोणाला असते? त्यानं घसा खाकरला.

“धोंडूभाऊ, जेवायला या. तुमची लेक माझ्या घरी आहे. तुमच्या जागेवर मी बसलेलो नाही. तुमच्या शेजारी बसलोय. तिला काय आवडतं, काय नाही, मी विचारलं नाही. चुकलं. आजपासून विचारीन.”

निंबावरून कावळा उतरला. गडग्यावर दोन उड्या मारल्या. आधी दुसऱ्या पानावर गेला, वाकडं शेंगोळं चोचीत घेतलं. मग पहिल्या पानावर आला, घारगा उचलला, चटणीत चोच बुडाली आणि डोकं झटकत उडाला.

आत्याबाई म्हणाली, “कुळीथ खाल्लं मेल्यानं.” आणि पदरात तोंड लपवून हसायला लागली. मग सगळेच हसले. पंधरा दिवस त्या घरात कोणी पोटातून हसलं नव्हतं. भिवरानं पदरात धरलेले हात सोडले.

सटवाजीनं डोळे पुसले. जवळ आला, आवडीच्या डोक्यावर हात ठेवला.

“मग पोरी, गाडी जुंपू का?”

आवडीनं भिवराकडे बघितलं, पानाकडे बघितलं. बोलायच्या आत सगुणा पुढं आली, पिठाचे हात तसेच.

“काका, ती नाही येत. माझी शेंगोळी अजून नीट वळत नाहीत.”

आवडी म्हणाली, “काका, बाबा इथं जेवले. तुम्ही पण जेवून जा.”

सटवाजी पाटावर बसला. दोनदा शेंगोळी मागून घेतली. लिंबाजीनं आग्रह केला, आत्याबाईनं वाढलं. संध्याकाळी दिवस बुडायच्या आत त्याची रिकामी गाडी निघाली. तेव्हा तो म्हणाला, “आता दरसाल इथंच येतो. माझ्या घरच्या पानाला मी पहाटे कावळा बोलावीन.” आवडी त्याला वेशीपर्यंत पोचवून आली. परत आली ती सगुणाच्या शेजारी पाट ओढून बसली आणि म्हणाली, “आई, मला वाढ.” भिवरानं ताट वाढलं. पोर पोटभर जेवली, ताट पुसून उठली.

मग घरात काय झालं? दूध विरजलं, चूल धडधडली, दुकानात घटस्थापनेला पाय ठेवायला जागा उरली नाही. भांडणं झाली नाहीत असं नाही. वरणातला गूळ अजून वादात आहे. पण वाद उघड होतो आणि जेवणाआधी मिटतो.

जशी उंबरठ्याची आई लिंबाजीला भेटली, जशी भिवराची लेक घरी राहिली, तशी ज्यांची ज्यांची घरं जोडलेली आहेत त्यांची लेकरं घरात राहोत, पोटभर जेवोत. वसा घेतला तर फुगू नका, मध्येच टाकू नका. सांगायला लांबली, ऐकायला पुरली, घरोघरी फळली, ही जोडपानाची कहाणी इथं संपूर्ण झाली.